ऑरगॅनिक भाजीला दुप्पट पैसे मोजावेत का? आधी तोड्याचं गणित समजून घेऊ

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात दोन वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि ते दोघं नवरा-बायको. बाळ घरचं जेवण खायला लागलं तेव्हापासून त्यांनी भाजी, डाळी, गूळ, तेल सगळंच ऑरगॅनिक आणायला सुरुवात केली. महिन्याचा खर्च जवळपास दुप्पट झाला. यजमान म्हणतात, लेबल चिकटवून लुटतात. सासूबाई म्हणतात, आम्ही मंडईतलं खाऊनच मोठे झालो. ताईंना विचारायचंय की खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कुठे. शेवटी त्यांनी आणखी एक विचारलंय : बाळाला द्राक्षं फार आवडतात, ती द्यावीत की नाही?

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी. २६ वर्षं द्राक्षबाग करतोय. ती फवारणीची, निर्यातीची बाग आहे. गेली ११ वर्षं दोन एकरांवर प्रमाणित सेंद्रिय भाजीपाला घेतो आणि नाशिकमधल्या साठेक घरांना आठवड्यातून दोनदा पोचवतो. सेंद्रिय मालाचे जास्तीचे पैसे माझ्या खिशात येतात, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन-तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. यजमानांना शंका आहे लेबलाची. सासूबाई बोलतायत तब्येतीबद्दल. तुम्हाला काळजी आहे बाळाच्या पोटात काय जातंय याची. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे.

पोषणाचं आधी उरकतो, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं लक्षणीय जास्त असतात असं त्यांना दिसलं नाही, पण कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी असल्याचं दिसलं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने असंच काम केलं. त्यांना सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट्स जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. माझा अनुभव असा की पोषणात खरा फरक पडतो तो ताजेपणाने. संध्याकाळी उपटलेली मेथी दुसऱ्या सकाळी तुमच्या कढईत गेली, तर ती साधी असली तरी तीन दिवस शीतगृहात पडलेल्या ऑरगॅनिक मेथीपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. जास्त जीवनसत्त्वं मिळतील म्हणून दुप्पट पैसे देत असाल तर देऊ नका.

कॅन्सरबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ती भीती तुमच्या प्रश्नामागे आहे. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या अभ्यासात सर्वात जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सहा लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला होता. त्यात एकूण कॅन्सरमध्ये फरक आढळला नाही, एका प्रकारच्या लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये, थोडी घट दिसली, तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये किंचित वाढ. जे लोक सेंद्रिय खातात ते बहुतेकदा चालतातही जास्त, सिगारेट कमी ओढतात आणि पैशानेही बरे असतात. हे सगळं वेगळं काढणं फार अवघड असतं. म्हणून या आकड्यांवरून मी कुणाला घाबरवतही नाही आणि निर्धास्तही करत नाही.

आता औषधांच्या अंशाचं. आम्ही शेतकरी कीटकनाशकाला औषधच म्हणतो. हा विषय मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे.

प्रत्येक औषधाच्या लेबलवर एक गोष्ट छापलेली असते : शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे. कुठे ३, कुठे ५, कुठे ७, काही औषधांना त्याहून बरेच जास्त. तेवढ्या दिवसांत ऊन, वारा, पाणी आणि झाडाची स्वतःची वाढ यांमुळे अंश कमी होत जातो. हा काळ पाळला, डोस बरोबर ठेवला आणि त्या पिकासाठी मान्यता असलेलंच औषध वापरलं, तर माल साधारणपणे सरकारने ठरवलेल्या अंशाच्या मर्यादेत बसतो.

पण भेंडीचा तोडा, म्हणजे काढणी, एक दिवसाआड असतो. आज नाही तोडली तर परवा ती जून होते आणि व्यापारी हात लावत नाही. शिवाय जून भेंड्या झाडावर राहिल्या की पुढची फुलं कमी लागतात. मग तुडतुडे किंवा पांढरी माशी आली तर शेतकऱ्याने काय करायचं? सात दिवस थांबला तर तीन तोडे वाया. तो सकाळी फवारतो आणि दुसऱ्या दिवशी तोडतो. हे तो दुष्टपणाने करत नाही. त्याच तोड्याच्या पैशांवर औषधाच्या दुकानाची उधारी फिटायची असते. वांग्याचंही तसंच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की बाहेरून औषध मारून ती मरत नाही, म्हणून शिरायच्या आधीच मारायची धडपड चालते आणि फवारण्या वाढत जातात. मिरची, ढोबळी मिरची, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. कोथिंबीर आणि पालक तर महिना-दीड महिन्यात निघतात आणि आपण खातो तेच पान, ज्यावर औषध पडलेलं असतं.

आता कांदा बघा. फुलकिड्यांसाठी कांद्यावर भरपूर फवारणी होते, पण ती पातीवर. काढणीनंतर कांदा सुकवला जातो, चाळीत कित्येक महिने राहतो आणि खाताना वरची टरफलं आपण काढून टाकतो. तुरीवर अळीसाठी फवारतात, पण दाणा शेंगेत असतो आणि डाळ होताना त्याची सालही जाते. दुधी, तांबडा भोपळा, सुरण, रताळी, बटाटा सोलूनच होतात. केळी, नारळ, फणस यांचंही तसंच. शेवग्यावर फवारणी होते, पण शेंगेचा गरच खातो आपण. आणि पावसाळ्यात आदिवासी बाया विकायला आणतात त्या टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली यांना कुणी पेरतही नाही आणि फवारतही नाही. त्या रानभाज्या बिनधास्त घ्या, त्यांना लेबलाची गरजच नाही.

म्हणजे "ऑरगॅनिक घ्यावं का" या प्रश्नाचं उत्तर भाजीगणिक बदलतं. तुम्ही सगळंच बदललंत आणि खर्च दुप्पट झाला. माझ्या हिशेबाने त्यातला निम्म्याहून जास्त पैसा अशा वस्तूंवर जातोय जिथे बाळाला जवळपास काहीच फरक पडत नाही.

धोका केवढा, हेही सांगायला हवं. केंद्र सरकार देशभरातून नमुने घेऊन तपासतं. अनेक वर्षांच्या अहवालांत साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास नमुन्यांत काही ना काही अंश सापडतो आणि मर्यादा ओलांडणारे नमुने दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतात. मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच विषबाधा असं नसतं. या मर्यादा ठरवताना सुरक्षिततेसाठी मोठं अंतर ठेवलेलं असतं. पण बाळाच्या बाबतीत मी जरा जास्त काळजीने बोलेन. किलोमागे बघितलं तर मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त खातं आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. कॅलिफोर्नियात शेतमजूर वस्तीतल्या गरोदर बायकांचा बर्कली विद्यापीठाने दीर्घ अभ्यास केला होता. ज्या आयांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश सर्वात जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वात कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. ती शेतात राबणारी कुटुंबं होती, त्यांचा औषधाशी संबंध तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून तो आकडा तुमच्या घराला लावू नका. पण लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटातला अंश कमी करता येत असेल तर करावा, एवढं त्यातून मी घेतो.

आता यजमानांची शंका. ती रास्त आहे. दुकानात "नॅचरल", "गावरान", "फार्म फ्रेश", "केमिकल फ्री" असं लिहिलेलं असतं, त्या शब्दांमागे कुठलीही तपासणी नसते. "रेसिड्यू फ्री" हा वेगळा प्रकार आहे : औषध मारलेलं असतं, पण काढणीच्या वेळी अंश सापडत नाही किंवा मर्यादेखाली असतो, असा तो दावा. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवत असतील तर ती वाईट निवड नाही, फक्त ते सेंद्रिय नव्हे.

खऱ्या सेंद्रियासाठी आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनचा. यात बाहेरची संस्था शेताची तपासणी करते, नोंदवह्या बघते. निर्यातीला हीच लागते. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियात जाण्याचा, काळ काढावा लागतो. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत. यात गावातल्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. माझं प्रमाणपत्र या दुसऱ्या वाटेचं आहे. सुरुवातीला मलाही वाटायचं, शेजारी शेजाऱ्याला काय पकडणार? पण माझ्या शेतात कुठला डबा आला हे पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्या माणसापेक्षा बांधावरच्या शेजाऱ्याला आधी कळतं. दोन्ही प्रकारच्या पॅकबंद मालावर सरकारी सेंद्रिय चिन्ह असायला हवं. २०१७ च्या अन्न सुरक्षा नियमांनी "जैविक भारत" नावाचं असं चिन्ह आणलं. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट ग्राहकाला प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय म्हणून विकू शकतो, पण त्याला ते चिन्ह लावता येत नाही. तेव्हा चिन्ह नाही म्हणजे खोटं असं समजू नका. त्याला प्रश्न विचारा.

कुठले प्रश्न? "औषध मारता का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर "नाही" हेच येणार. त्यापेक्षा विचारा, "फ्लॉवरवर अळी आली तेव्हा काय केलंत?" जो खरोखर करतो तो भडाभडा बोलायला लागतो : निंबोळी अर्क ५ टक्के, किडी मारणारी बिव्हेरिया बुरशी, पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे, कडेला लावलेली मोहरी, आणि तरी एक वाफा गेलाच. विचारा, "या महिन्यात तुमच्याकडे काय नाही?" ज्याच्याकडे बाराही महिने फ्लॉवर आणि ढोबळी मिरची असते, तो बहुधा कुठून तरी माल आणून विकतोय. आणि भाजीत अळी निघाली म्हणजे ती सेंद्रिय, हा समज सोडा. पाच फवारण्या झालेल्या वांग्यातही अळी निघते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हाही गैरसमज आहे. आम्ही शेण-गोमूत्राचं जीवामृत, झाडपाल्याचा दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क वापरतो. नियमात राहून गंधक आणि ठरावीक प्रमाणात तांब्याची बुरशीनाशकंही चालतात. आणि चारी बाजूंनी फवारणीची शेतं असताना माझी दोन एकरं काही बेटावर नाहीत. चौथ्या वर्षी आम्ही पदरचे काही हजार रुपये घालून पालकाचा नमुना तपासला. शेजारच्या बागेतल्या एका बुरशीनाशकाचा अगदी सूक्ष्म अंश त्यात निघाला. वाऱ्यावर आलेला. मी त्या आठवड्याचा पालक गुरांना घातला, घरोघर कळवलं, आणि त्या बांधावर शेवरीची दाट रांग लावली. तीन घरांनी भाजी बंद केली. त्यांचा राग मला समजतो. पण शंभर टक्के शुद्ध असं वचन देणाऱ्यापेक्षा अहवाल दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवा.

मग हा माल महाग का? खुरपणीला बाया लागतात, तणनाशक मारता येत नाही. उत्पन्न कमी निघतं. जगभरच्या तुलनांमध्ये पिकानुसार आणि परिस्थितीनुसार ही घट ५ ते ३४ टक्के दिसली आहे आणि माझ्या फ्लॉवरमध्ये मी तिसरा हिस्सा घट अनुभवली आहे. रूपांतराच्या काळात खर्च सेंद्रियाचा आणि भाव साधा मिळतो. थेट शेतकऱ्याकडून घेतलंत तर मंडईच्या दीडपट भाव मला योग्य वाटतो. तिप्पट भाव असेल तर त्यातला बराच पैसा शेतापर्यंत पोचत नाही.

मी स्वतः याकडे का वळलो ते सांगतो, कारण ग्राहकांच्या बोलण्यात ही बाजू येतच नाही. अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात टोमॅटोवर फवारणी चालू होती. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला उपरणं. दुपारी आमचा गडी सरीतच बसला. घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. गाडीत घालून नाशिकला नेला. डॉक्टरांनी रात्रभर विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन दिलं. तो वाचला. पुढे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तुमच्या ताटात येतो तो अंश मिलिग्रॅमच्या भागांत मोजायचा. फवारणाऱ्याच्या अंगावर ते औषध ओलं, घट्ट, रोज पडतं. सेंद्रिय मालाचा सर्वात मोठा आणि सर्वात खात्रीचा फायदा कुणाला होतो असं मला विचाराल, तर मी त्या माणसाचं नाव घेईन. दुसरा नंबर आमच्या विहिरींचा आणि मधमाश्यांचा. तुम्हाला चार पैसे जास्त देणं जमत असेल आणि या कारणासाठी द्यावेसे वाटत असतील, तर ते पैसे नक्कीच सत्कारणी लागतात.

आता तुमच्या घराचं बोलू. गूळ, तेल, डाळी, तांदूळ, कांदे-बटाटे, सोलून खायच्या भाज्या या नेहमीच्या दुकानातून आणा. मसाल्यांत हळद मात्र पूड घेण्यापेक्षा हळकुंडं आणून दळून घ्या, कारण तिथली खरी भीती पिवळ्या रंगाच्या भेसळीची आहे आणि ती शेतात होत नाही. वाचलेल्या पैशांतून भेंडी, वांगी, मिरची, फ्लॉवर, कोथिंबीर-पालक आणि बाळ सालीसकट खातं ती फळं खात्रीच्या शेतकऱ्याकडून घ्या. जमलं नाही तर त्या आठवड्यात मंडईतून घ्या, पण भाजी कमी करू नका. हे मी हात जोडून सांगतो. महाग पडते म्हणून पाव किलोच्या जागी अर्धा पाव ऑरगॅनिक भाजी आणणारी घरं मी बघितली आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. साधी भाजी भरपूर खाण्याचा फायदा तिच्यातल्या अंशाच्या धोक्यापेक्षा खूप मोठा आहे. सासूबाई तब्येतीने ठणठणीत आहेत त्या बहुधा याच कारणाने.

धुण्याबद्दल थोडं. स्पर्शजन्य औषधं पृष्ठभागावर राहतात, ती धुऊन बरीच जातात. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात मिसळतात, ती कशानेही धुतली जात नाहीत. शिजवण्याने काही कमी होतात, सगळी नाही. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं हे सर्वात महत्त्वाचं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर वरचा अंश निघून गेला, सालीच्या आत मुरलेला राहिला. लीटरभर पाण्याला दोन लहान चमचे सोडा पुरतो. नंतर साध्या पाण्याने धुवा. बाजारातली महाग भाजी-धुणी घ्यायची गरज नाही.

राहिली द्राक्षं, माझा रोजचा विषय. द्राक्षाला फवारण्या खूप लागतात, डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग पाठ सोडत नाहीत. पण देशातली सर्वात कडक तपासणीही याच पिकाची होते. २००३ मध्ये आपली द्राक्षं युरोपात अंशामुळे अडकली, त्यानंतर ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांवर नजर ठेवणारी सरकारी व्यवस्था आली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो, अहवाल आल्याशिवाय माल पॅक हाऊसला जात नाही. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसी या रसायनाच्या अंशावरून पुन्हा माल अडकला आणि आमच्या भागातली अनेक घरं बुडाली. तेव्हापासून आम्ही काय, कधी, किती मारलं याची वही जिवापाड सांभाळतो. त्याच तपासलेल्या प्लॉटमधले मण्याच्या आकारात किंवा रंगात न बसलेले घड इथल्या बाजारात येतात. फळवाल्याला विचारा, "एक्स्पोर्ट प्लॉटचा लोकल माल आहे का?" फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मिळेल. पावसात सापडलेल्या आगाप, म्हणजे लवकर धरलेल्या, बागांच्या द्राक्षांपेक्षा तो मी माझ्या नातीला आधी देईन, आणि देतोच.

मण्यावर दिसणारा पांढुरका थर हे फळाचं स्वतःचं मेण आहे, ते औषध नव्हे. वाळलेले पांढरे-निळसर थेंब किंवा डाग दिसले तर तो घड नको. एकेक मणी देठापासून सुटा करून धुवा. आणि ताई, दोन वर्षांच्या बाळाला अख्खा मणी कधीच देऊ नका. तो बरोबर घशात अडकण्याच्या मापाचा असतो. उभा चिरून चार फाका करा, आणि बाळ खात असताना जवळ बसा.